सोयावडीचा रस्सा

मला स्वयंपाकाची भारी हौस होती, आणि त्या हौसेनंच माझ्या घराचं वाटोळं केलं. असं म्हटलं की माझ्या बहिणी म्हणतात, "काहीतरीच तुझं!" त्यांना काय जातंय म्हणायला?

मी मास्तरीण. शाळा भिगवणला, घर वरकुट्याच्या अलीकडं वस्तीवर. पहाटे भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे आणि एसटी गाठायला पळायचं. नवरा कारखान्यात, त्याची पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलायची. या धबडग्यातही मी मासिकातल्या पाककृती फाडून पर्समध्ये ठेवायचे आणि गाडीत उभ्या-उभ्या वाचायचे. त्यातलं निम्मं सामान आमच्याकडं मिळायचंच नाही. मग नारळाच्या दुधाऐवजी शेंगदाणे भिजवून वाटायचे, भट्टीऐवजी कुकरमध्ये वाळू घालायची. ज्वारीच्या पिठाचा केक केला, तो मात्र कुत्र्यानंही हुंगून सोडला. त्यावर घरात आठवडाभर हसत होते. मला चालायचं ते.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. खरा हात त्यांचा. मटणाचा रस्सा करायला मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले. पण माझ्या मुलाला विषमज्वर झाला. बारामतीच्या दवाखान्यात पोरगं डोळे उघडेना, तेव्हा आत्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "ह्ये उठू दे, मी माळ घालीन." तो उठला. आत्यांनी तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून मटण सोडलं.

मग आमचं रविवारचं मटण बाहेर, गोठ्याच्या कडेला तीन दगडांच्या चुलीवर, पातेलीसुद्धा वेगळी. आत्या आत पाठ करून बसायच्या. पण आतून हाक यायचीच, "कांदा अजून कच्चा हाय गं! खोबरं करपू दिऊ नगं!" नुसत्या वासावर सगळं कळायचं त्यांना. माझ्या पोरासाठी त्या बाईनं आवडीच्या घासावर पाणी सोडलं होतं.

प्रशिक्षणाला बारामतीला गेले तेव्हा किराणा दुकानात सोयावडीचं पाकीट दिसलं. दुकानदार म्हणाला, "बाई, मटणागत लागतं, पण सोयाबीन हाय." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुधवारी शाळेतून आल्या आल्या वड्या उकळल्या, पिळल्या, आणि आत्यांचीच पद्धत धरली: निखाऱ्यावर भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला. आतल्या चुलीवर, आतल्याच पातेल्यात. कुणाला काही सांगितलं नाही. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

आणि बघितलंही. आत्यांनी बाजरीची भाकरी चुरली, रस्सा ओतला, आणि घास घेताना त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "आज हात बसला बघ तुझा," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी हवेतच गेले. मग त्यांनी एक फोड दाताखाली धरली, चावली आणि थांबल्या.

"ह्ये काय हाय?"

तिथंच सांगायला हवं होतं. पण मला मेलीला खेळ सुचला. म्हटलं, "वळखा बघू!"

नवरा शेजारी जेवत होता. तो म्हणाला, "मटण हाय, खा गुमान." आणि आम्ही दोघं हसलो.

आत्या हसल्या नाहीत. ताट सरकवून अंगणात गेल्या आणि घशात बोटं घालून सगळं ओकल्या. मी मागं धावले, पाय धरले, पाकिटावरचं वाचून दाखवलं. "तू मास्तरीण. तू वाचशील तसं," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं स्वतःच्या आईची शपथ घेतली, म्हणजे त्यांचीच, तरी ऐकेनात. शेवटी मी कोरडी वडी त्यांच्यासमोर गरम पाण्यात टाकली. ती फुगली. आत्यांनी दोन बोटांनी दाबून बघितली. "मांसच हाय की," म्हणाल्या.

तरी चार दिवसांत निवळलं असतं. पण शुक्रवारी मुलाला ताप आला. साधी सर्दी हो, रविवारी पोरगं उड्या मारत होतं. आत्या मात्र ते दोन दिवस त्याच्या उशाशी माळ मुठीत धरून बसल्या होत्या. माझ्याकडं एकदाच बघून म्हणाल्या, "माझा नेम मोडलास. पोरावर उठलीस."

सोमवारी त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात स्वतःची चूल मांडली. एक भाकरी, एक कोरड्यास, वेगळी घागर. सुनेनं सासूला बाटवलं, हे चार वस्त्यांवर पसरलं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे, म्हातारी हाय." चेष्टा त्यानं केली, पण त्याच्या हातचं पाणी त्या प्यायच्या. माझ्या हातचं नाही. मी पाककृतींचे कागद चुलीत घातले आणि त्यानंतर पिठलं, आमटी, भाकरी याच्या पलीकडं काही केलं नाही. राग कुणावर काढायचा?

अशी चार वर्षं गेली. मग आत्यांनी अंथरूण धरलं. ओसरीवरची चूल विझली, ती विझलीच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुगाचं कढण करून चमचा पुढं केला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. दोन दिवस नवऱ्यानं पाजलेल्या पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. नवरा पाळीवर, मुलगा शाळेत. मी वाटी घेऊन बाहेर गेले, गोठ्याजवळ जरा वेळ उभी राहिले आणि तीच वाटी घेऊन परत आले.

"आत्या, शेजारच्या काकूनं कढण दिलंय तुमच्यासाठी."

त्यांनी डोळे उघडले. "व्हय?"

"व्हय. आत्ताच दिऊन गेली."

त्यांनी तोंड उघडलं. चमचा चमचा करत सगळी वाटी संपवली. ओठ पदरानं पुसले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ कसं बेतानं पडलंय बघ. तिच्या हाताला चव हाय. जरा शिकून घे तिच्याकडनं."

"घेते," मी म्हटलं, आणि वाटी विसळायला बाहेर गेले.