रंगाशिवायचा उजेड

वसईतल्या आमच्या प्रयोगशाळेतले एक तंत्रज्ञ नंदाखालहून सायकलवर येत. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी बसले की काचेवरच्या पेशींना विचारत, "काय म्हणताय?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत. मी तिथे नवी डॉक्टर. मला हसू यायचं.

एकदा पाचूबंदरच्या मासे विकणाऱ्या एका मावशींच्या मानेतली गाठ तपासायला आली. टीबीच्या जंतूंना चिकटून चमकणारा रंग लावलेल्या तिच्या पातळ कापात मला पिवळे कण लखलखताना दिसले. मी अहवालात टीबी लिहायला घेतलं.

"थांबा, डॉक्टरबाई." तंत्रज्ञांनी त्याच गाठीचा, रंग न लावलेला काप भिंगाखाली सरकवला. कण तसेच चमकत होते!

"रंग नाय, तरी उजेड. टीबीचे जंतू रंगाशिवाय असे चमकत नाय. हा शरीराचाच उजेड. वय झालं की पेशींत साठतो."

मी सगळे काप पुन्हा पाहिले. जंतू कुठेच नव्हते.

निरोप सांगायला तंत्रज्ञ स्वतःच बाहेर थांबलेल्या मावशींकडे धावले. "मावशी, टीबी नाय!"

"मंग उद्या बाजारात बसू ना?" म्हणत मावशींनी त्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. पन्नाशीचे ते गृहस्थ लाजून लालेलाल झाले.