दोरीजवळची जागा

वसुधाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हावड्याच्या फेरीबोटीत उभा होतो. "पहाटे, झोपेतच," एवढंच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलेलं... माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता सांगायचं राहिलंच. दीड महिना झाला, ते गिळवत नाही.

ताई बँकेतून निवृत्त झाल्या आणि बदलीवर आलेल्या आम्हा बाकीच्यांसारखी पुण्याची स्वप्नं न बघता इथेच, बेहालातल्या घरी राहिल्या. आमच्या मराठी मंडळाची सहल दर वर्षी होळीनंतर बक्खालीच्या समुद्रावर जाते. त्याच दिवसांत चिखल्या नावाचे मुठीएवढे पक्षी तिथे कोरड्या वाळूत अंडी घालतात. घरटं कसलं, नुसता खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. ताई सगळ्यांआधी बसमधून उतरून त्या जागेभोवती जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेली दोरी लावायच्या. "खेळा हो पोटभर, पण ओल्या वाळूत. कोरडी त्यांची." मी चेष्टेनं म्हणायचो, पाखरांना मंडळाचं सभासद करून घ्या. त्या हसायच्या.

एका वर्षी भरती वर चढली, पंगतीला जागा पुरेना. ताई मुलांना पक्षी दाखवायला लांब गेल्या होत्या. मसालेभात निवत होता, आणि माझी घाई तर जगजाहीर. मी दोरी दहा पावलं मागे सरकवली, सतरंजी अंथरली, सगळ्यांना बसवलं. जेवणं झाल्यावर सतरंजी उचलली तर खाली दोन अंडी चिरडलेली... वर एक पक्षी ओरडत घिरट्या घालत होता. मी त्यावर वाळू लोटली, दोरी होती तिथे आणून ठेवली. ताईंनी परत आल्यावर विचारलं, "सगळं ठीक ना, मुकुंदराव?" "अगदी," मी म्हणालो. शुद्ध खोटं.

पुढच्या वर्षीपासून त्या मला पंगतीत दोरीजवळच्या टोकाला बसवू लागल्या. "तिथे तुम्हीच हवेत. कुणाला पलीकडे जाऊ देऊ नका." मला वाटायचं, मान आहे. दर वर्षी ठरवायचो, ताक पिऊन झालं की सांगू. धीर झाला नाही. भित्रा मी, दुसरं काय.

या रविवारी सहल आहे, म्हणून काल बेहालाला सतरंजी आणायला गेलो. ती ताईंकडेच असायची, धुवायच्याही त्याच. शेजारच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, कुलूप उघडून दिलं. गॅलरीत सतरंजीची घडी, वर दोरीचं वेटोळं. घडी उलगडली तर एका टोकाला, उलट्या बाजूनं, ठिगळ. दोरीवरच्या चिंध्या ज्या साडीच्या, त्याच साडीचं. त्याच्या कडेनं अंड्याचा पिवळट डाग अजून दिसत होता. म्हणजे ताईंना पहिल्या धुण्यापासून ठाऊक होतं. कुणाला कळू दिलं नाही, आणि मी सांगेन म्हणून दर वर्षी मला त्याच टोकावर बसवलं.

सतरंजी तिथेच अंथरली. माझ्या जागेवर बसलो आणि रिकाम्या खोलीला म्हटलं, "ताई, ती दोरी मी सरकवली होती."