सयामी मांजरीला सोबत लागते

मांजरीच्या पोटावर एकही केस उरला नव्हता. नुसती गुलाबी, गुळगुळीत कातडी. टेबलावर ठेवल्यापासून ती मोठमोठ्याने ओरडत होती. तिची मालकीण वैशाली हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, दोन दिवस झाले, काहीच खाऊन नाही राहिली."

माझा दवाखाना नारायण पेठेत. आयटी कंपन्यांच्या बस नुकत्याच शहरभर दिसू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वैशाली आणि तिचा नवरा नीलेश मूळचे अमरावतीचे. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, येरवड्याला नवा फ्लॅट. लग्नाच्या वाढदिवसाला नीलेशने सयामी जातीचं पिल्लू आणलं. सायीच्या रंगाचं अंग, काळपट तोंड, निळे डोळे. नाव मिनी.

ही त्यांची तिसरी खेप होती. पहिल्यांदा मी फंगस समजून मलम दिलं. दुसऱ्यांदा अॅलर्जी समजून खाणं बदललं. दोन्ही अंदाजच. खरं सांगायचं तर तोवर माझ्याकडे देशी मांजरंच यायची. सयामी मी पुस्तकातच पाहिली होती.

या वेळी मी तिच्या पोटाच्या कडेचे चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली धरले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. केस मुळापासून गळलेले नव्हते, टोकाला तुटलेले होते. म्हणजे मिनी स्वतःच चाटून चाटून ते काढत होती. शिवाय उपास. मांजर तीन-चार दिवस जेवली नाही, की लिव्हरवर चरबी चढते आणि प्रकरण हाताबाहेर जातं. मी लगेच सलाइन लावलं.

"अजून एक भानगड झाली," वैशाली म्हणाली. "शेजारच्या काकांनी सोसायटीत लेखी तक्रार केली. रविवारपर्यंत हिला हलवा म्हणतात."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी स्कूटर काढून येरवड्याला गेलो.

जिन्यातच शेजारचे शिंदेकाका भेटले. जेलमधून रिटायर झालेले शिपाई, घरी एकटेच. माझी बॅग बघून म्हणाले, "तुम्ही डॉक्टर का? मग आवाजाचं बटण बंद करून जा. सकाळी साडेसातला ही दोघं निघाली, की जे रडणं सुरू होतं, ते रात्री नऊला थांबतं."

माझं निदान जिन्यातच झालं.

फ्लॅट चकचकीत होता. पांढऱ्या टाइल्स, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. भारी खाणं, भारी बिछाना, सगळं होतं. मी खाली बसून मिनीशी बोलायला लागलो. ती उत्तरं देत देत माझ्या खांद्यावर चढली. बशी पुढे केली तर चार घास खाल्लेसुद्धा.

"ही जात फार बोलकी," मी दोघांना सांगितलं. "पर्शियन मांजर एकटी झोपून दिवस काढेल एक वेळ. सयामी माणसाच्या मागे मागे फिरते. बारा-चौदा तास एकटी ठेवली, की आधी ओरडते, मग अंग चाटत बसते."

वैशालीचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्यामुळेच? आम्ही काय कमी केलं हिला?"

"काहीच नाही. तुम्ही घरी नसता, एवढंच."

नीलेश म्हणाला, "मग देऊन टाकू कोणाला तरी." वैशाली उठून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

मी शेजारचं दार वाजवलं आणि शिंदेकाकांना विचारलं, दिवसभर मांजर तुमच्याकडे ठेवली तर?

"वा! तक्रार मी केली आणि सांभाळायचंही मीच?"

"ती ओरडायची थांबेल."

त्यांनी दार अर्धं लोटलं. मग म्हणाले, "आठ दिवस बघतो. गादीवर चढलेली चालणार नाही."

तिसऱ्या दिवशी मिनी पोटभर जेवली. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा ती काकांच्या गादीवर होती आणि काका खुर्चीत बसून तिला पेपर वाचून दाखवत होते. मला बघून त्यांनी आवाज खाली घेतला. सोसायटीतली तक्रार त्यांनी परत घेतली. तीन महिन्यांत पोटावर दाट केस आले.

वर्षभराने नीलेश-वैशालीला अमेरिकेला जायची संधी आली. मिनीला न्यायची कागदपत्रं मीच तयार करणार होतो. आदल्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. "राहू द्या, डॉक्टर. रात्री आणायला गेलं तर ती काकांच्या मांडीवरून उठून नाही राहिली." मी कागदपत्रांचं काम थांबवलं.

हल्ली जातिवंत, पेडिग्री मांजर घेण्याआधी लोक सल्ला विचारायला येतात. रंग कोणता, केस किती लांब, वगैरे. मी त्यांना ऑफिसच्या वेळा विचारतो. काही जण रागावतात. एकाने मात्र ऐकलं आणि मासे पाळले. मासे मजेत आहेत.