दीडशे कैऱ्यांचे समीकरण

सन १९५४, मे महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम दहा रुपये. हजर: मी, माझी बायको, आठवीतली मुलगी आणि आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी कात्रपची बाई.

बायकोने लोणच्यासाठी बाईला दहा रुपये देऊन तिच्या गावच्या आंब्याच्या वाडीतून दीडशे कैऱ्या मागवल्या होत्या. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या ओसरीवर त्या ओतलेल्या होत्या. मी मोजल्या, दीडशे भरल्या. बाईने हिशोब सांगितला, दहाही रुपये लागले. शेजाऱ्यांनी आदल्याच दिवशी त्याच वाडीच्या शंभर घेतल्या होत्या, वाहणावळीसकट साडेसहा रुपयांना. वाहणावळ, म्हणजे डोक्यावरून आणण्याची मजुरी, आठ आणे, हे मला माहीत होते.

मुलीची बीजगणिताची वही समोरच होती. म्हटले, मांड. शेकड्याचा भाव क्ष. क्ष अधिक अर्धा बरोबर साडेसहा, म्हणून क्ष बरोबर सहा. दीडशेचे नऊ, वर वाहणावळ अर्धा. साडेनऊ. मुलीने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मी शेजारी बरोबरची खूण केली. आठ आणे जास्त.

बाई वहीकडे बघत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती.

"साहेब, उचलून कोनी आनलं ते लिवलंय का ह्यात?"

"लिहिलंय ना. हे बघ, आठ आणे. वाहणावळ."

"बरं," ती म्हणाली. कनवटीची आठ आण्यांची नाणी काढून तिने वहीवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बायको म्हणाली, चोरी उघडी पडली की माणूस टिकत नाही. मला ते पटले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा दीडशे मागवल्या, दुसऱ्या बाईकडून. दारात दोघीजणी उभ्या राहिल्या, दोघींच्या डोक्यावर टोपल्या. दोघींनी आठ-आठ आणे मागितले. शंभराला एक डोके, वर एक जरी कैरी गेली तरी दुसरे, हा तिकडचा रिवाज. नऊ अधिक एक. दहा.

त्या रात्री मी मुलीची जुनी वही शोधून काढली. रीत बरोबर होती. गुणाकार बरोबर होता. माझी खूणही जागच्या जागी होती. दिवा मालवल्यावरही कात्रपच्या बाईचे ते "बरं" ऐकू येत राहिले, आवाज न चढवता म्हटलेले.

रविवारी पाच रुपये घेऊन कात्रपला गेलो. बाईच्या घरात तिची सून होती. सासू गेल्या पावसाळ्यातच तापाने गेली, असे तिने सांगितले. गेल्या वर्षी आमची दुसरी टोपली या सुनेनेच आणली होती. आमच्या ओसरीवर ओतून ती फाटकाबाहेर सासूची वाट बघत बसली होती. मी तिला पाहिलेही नव्हते.

मी पाच रुपये पुढे केले. तिने ते घेतले नाहीत.

"माजी मजुरी आत्यांनी मला तवाच दिली, सोताच्यातली. साहेबांकडे आठ आने हायेत, असं शेवटपर्यंत बोलायच्या. तेवढेच द्या."

मोड माझ्याकडे नव्हती. तिने पाचाची नोट घेतली, शेजारून मोडून आणली आणि साडेचार रुपये माझ्या हातावर मोजून ठेवले.

दिले आठ आणे. सुनेच्या हाती, सासूच्या नावे.