गुल्तेनने जावं की राहावं

मेन्सूराने एखाद्या मालिकेला नावं ठेवली, की आमच्या आळीत त्या मालिकेचे दिवस भरलेच म्हणून समजायचं. विसोको गावाच्या वरच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणारी आमची आळी. घरोघरी टीव्ही आणि संध्याकाळी सगळ्या टीव्हींवर तीच तुर्की मालिका. पण पाहिली म्हणजे झालं असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन्सूराकडे कॉफीला जाऊन तिचं मत ऐकलं, की मगच ती खरी पाहिली असं धरायचं. "हा सूड घेणार? याला स्वतःचे पायमोजे शोधायला बायको लागते!" असं ती एका नायकाबद्दल म्हणाली, आणि त्यानंतर तो पिस्तूल घेऊन आला तरी बायकांची नजर त्याच्या पायांकडे जायची.

सगळ्या तिच्याकडे जात, कारण तिला कुणाकडे जाता येत नसे. घरात आई होती. झुम्राबाईंचं कमरेचं हाड मोडलं होतं. ते केव्हाच जुळलं, पण भीती काही जुळली नाही. मेन्सूरा तेव्हा हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. आईसाठी म्हणून थोड्या दिवसांची रजा घेतली, पुढे तो कारखाना बंद पडला, आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. आता ती पन्नाशीला टेकली होती. भाऊ परदेशात, ग्राझला. दर रविवारी फोन करून म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला तिकडे झोप लागते गं." त्याच्या झोपेची राखण बहिणीने करायची, असा तो न बोलता झालेला करार होता.

बरं, झुम्राबाईंनी तिला कधी 'जाऊ नको' म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या म्हणायच्या, "जा ना, खुशाल जा. मी काय, पडून राहीन. तोल गेलाच तर हाक मारीन, ऐकेल कुणीतरी." एवढं ऐकून कोण जाईल? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. बाईंच्या हातात जपमाळ, पाठीशी उशा, आणि खिडकीखालच्या बैठकीवरून सगळ्या घरावर नजर.

त्या घरात नुरिया आला तो छपरावरची टीव्हीची तबकडी वाऱ्याने फिरली म्हणून. बसस्थानकामागे त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात, लिंझला दिलेली. तबकडी बसवून खाली उतरला तेव्हा पडद्यावर एक जुना चित्रपट चालू होता. त्यातला खेड्यातला डॉक्टर भर बर्फात रोगी टाकून निघून जातो. "पळपुटा मेला," मेन्सूरा सवयीने म्हणाली.

"पळपुटा नाही हो," पान्हा पेटीत टाकत नुरिया म्हणाला. "दमलाय तो. नीट बघा. पळणारा माणूस दिवा विझवून जातो का?"

आजवर तिच्या मताला कुणी हरकत घेतली नव्हती. तिने त्याला कॉफी दिली ती फुरंगटूनच. दिवसभर कोबी चिरता चिरता मनात त्याच्याशी भांडली, आणि संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की माणूस बरोबर बोलला होता. त्याचा तिला राग आला नाही. उलट इतकं बरं वाटलं, की ती स्वतःशीच हसली.

त्या वर्षी आमच्या आळीत वारा फार सुटला म्हणायचा. तबकडी बघायला नुरिया सारखा येऊ लागला. येताना म्हणायचा, "शनिवारी तो शिक्षकाचा चित्रपट आहे, बघा आणि सांगा." मग शनिवारी मेन्सूरा तो चित्रपट बघायची, पण बघताना डोक्यात चालायचं, हा यावर काय म्हणेल? नंतर फाटकापाशी दोघांची जुंपायची. शिक्षक खोटारडा की भित्रा, शेवट ओढून आणलाय की खरा, यावर अर्धा अर्धा तास. आळी खिडक्यांतून बघायची आणि आतून हाक यायची, "मेन्सूरा, दार उघडं राहिलंय का गं? वारा येतोय."

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी 'अंजिराखालचं घर' ही मालिका रंगात आली होती. त्यातली गुल्तेन इझमिरची शिवणकाम करणारी, चाळिशी उलटलेली. घरात आंधळा बाप. जहाजावरचा एक इंजिनिअर तिला मागणी घालतो, आणि आता तिने जावं की राहावं यावर आमची आळी दुभंगली होती. एरवी पहिल्या भागातच निकाल देणारी मेन्सूरा या वेळी मात्र म्हणत होती, "बघू या."

आमच्याकडे नाजूक गोष्ट कुणी सरळ विचारत नाही. ती मालिकेच्या खांद्यावर ठेवायची, लेकी बोले सुने लागे. शेजारच्या आय्काचा नवरा दारूत बुडाला होता तेव्हा शेफिकाकाकूंनी एका मालिकेतल्या कप्तानाची तासभर सालं काढली होती. शेजारी बसून आय्का रडली, आणि घरी जाऊन नवऱ्याच्या बाटल्या नदीत रिकाम्या करून आली. कप्तान बिचारा थेंबालाही शिवत नव्हता. त्यामुळे या शेफिकाकाकू, म्हणजे नुरियाची सख्खी आत्या, एका गुरुवारी सण नाही वार नाही आणि लोकुमच्या मिठाईचा डबा घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या, तेव्हा त्या काय विचारायला आल्यात हे मेन्सूराला तिथेच कळलं. मागून आय्काही आली. आत बैठकीवर झुम्राबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवून दिली.

पहिली कॉफी तब्येतींवर गेली. दुसरी आली तशी शेफिकाकाकूंनी साखरेचा खडा कॉफीत बुडवला, त्याचा कोपरा कुरतडला आणि विषयाला हात घातला.

"काय गं मेन्सूरा, या गुल्तेनचं काय करायचं? तो बिचारा किती थांबेल?"

"थांबतोय की अजून," आय्का म्हणाली.

"थांबतोय, पण पुरुषाची जात आहे. आणि वाईट काय आहे त्याच्यात? बापालाही घेऊन ये म्हणतोय. खाली एक खोली आहे, पायऱ्या चढायला नकोत. खिडकीतून पूल दिसतो. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून देतो म्हणाला."

"अगं बाई! तो तर जहाजावर राहतो ना? हे मालिकेत कुठे दाखवलं?" आय्काने विचारलं.

"पुढच्या भागात दाखवतील," काकूंनी तिला डोळ्यांनी दटावलं. "तू लोकुम खा. मेन्सूरा, तुझं मत सांग बाई. तुझ्या मतावर आहे सगळं. जावं की नाही तिने?"

खिडकीतून पूल दिसणारी खोली नुरियाच्या घरातली, हे काय सांगायला हवं? झुम्राबाईंचं माहेर त्याच पुलापलीकडचं.

मेन्सूराजवळ शब्दांना कधी तोटा नव्हता. आणि आज तर एकच शब्द पुरे होता. जावं. तो तिच्या ओठांवर होता, कित्येक रात्री तिने तो उशीत तोंड खुपसून म्हणून पाहिला होता. भीतीही होती, आनंदही होता. दांडा बसवून देतो म्हणाला, हे तिला फारच आवडलं होतं. आईकडे न बघता तिने बोलायला तोंड उघडलं. "मला विचाराल तर काकू, गुल्तेनने..."

"मेन्सूरा," झुम्राबाई म्हणाल्या, "तिसरी ठेव गं."

आय्काच्या हातातला लोकुम हातातच राहिला. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी म्हणजे 'प्या आणि निघा'. ती सगळं बोलून झाल्यावर, पाहुण्यांच्या चुळबुळीवरून, घर चालवणाऱ्या बाईने आणायची. शेफिकाकाकूंची दुसरी अजून काठोकाठ होती. अशा वेळी तिसरी मागवणं म्हणजे पाहुण्याच्या हातात त्याच्या चपला देणं. पण तरी ती आणायची की नाही हे मेन्सूराच्या हातात होतं. पाहुण्यांना तिसरी मागवलेली ऐकून नव्हे, समोर आलेली बघून उठायचं असतं. "थांब आई, बोलणं व्हायचंय," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ती उठली. स्वयंपाकघराला नुसता पडदा होता. तिने लांब दांड्याचा कॉफीचा जेझवा चुलीवर ठेवला, पाणी उकळलं, कॉफी घातली. ती स्वतःला बजावत होती, हे इथेच ठेव. रिकाम्या हातांनी बाहेर जा, काकूंच्या समोर बस, बास, तेच उत्तर. मग तिला आईला उचलताना जाणवणारा भार आठवला. त्या खोलीत आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडेल आणि तक्रारीचा एक शब्द काढणार नाही, हे दिसलं. भावाचा रविवारचा फोन मनात ऐकू आला. आळी काय म्हणेल तेही ऐकू आलं, कारण दुसऱ्यांबद्दल ते तिनेच कितीदा म्हटलं होतं, "या वयात नवरी!" आणि सगळ्या खो खो हसल्या होत्या. इकडे आड, तिकडे विहीर. कॉफी फुगून वर आली. इतकी वर्षं जे सांगितलं ते करत आलेल्या हातांनी जेझवा उतरवला, चमच्याने वरचा फेस कपांत सारखा घातला, आणि तबक उचललं.

शेफिकाकाकूंनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे राहावं म्हणतेस."

"गार होईल काकू," मेन्सूरा म्हणाली.

काकूंनी ती उभ्याउभ्याच संपवली. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि ते मेन्सूराला जास्त लागलं. दार लागल्यावर झुम्राबाई म्हणाल्या, "लोकुम ताजा आहे हो. दे बघू अजून एक." मेन्सूराने दिला. मग नळ मोठा सोडून ती कप घासत बसली आणि मनसोक्त रडली. आईवर नाही, स्वतःवर चिडून.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. मग पाव आणायला जाते सांगून ती तडक बसस्थानकामागे गेली. नुरिया एक टीव्ही उघडून बसला होता. तिला बघून उठला, स्टुलावरच्या तारा बाजूला केल्या. ती बसली नाही.

"तो डॉक्टर," ती म्हणाली, "दमलेलाच होता. तुमचं बरोबर होतं."

"आत्याने सांगितलं मला. तिसरी आली म्हणाली."

"ती आईने मागवली होती."

"आणली कुणी?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मेन्सूरा," तो म्हणाला. आजवर तो तिला मेन्सूराबाई म्हणत आला होता. "आख्ख्या आळीला सगळ्याबद्दल तुझं मत माहीत आहे. मला फक्त एकाच गोष्टीबद्दल हवं होतं. पोरगी लिंझला बोलावतेय. बर्फ पडायच्या आत दुकान आवरून जाणार आहे मी. तेव्हा सांग आता. गुल्तेनबद्दल नको, तुझं सांग."

सरळ विचारलं की सरळ सांगायचं असतं, पण त्याची सवयच कुणाला होती? ती शब्द गोळा करत होती तोवर पिशवीतला फोन वाजला. न घ्यावा तर आई पडली असेल. घ्यावा तर... तिने घेतला. दुकान एवढंसं, पलीकडचा आवाज त्यालाही ऐकू गेला.

"काही नाही गं, मी बरी आहे. दार उघडं टाकून गेलीस वाटतं. वारा येतोय."

दार तिने स्वतःच्या हातांनी कुलूप लावून बंद केलं होतं. तरी ती म्हणाली, "आले आई."

नुरियाने मान हलवली, "जा," म्हणाला, आणि पुन्हा टीव्हीत डोकं घातलं. तो रागावून बोलला असता तर ती कदाचित थांबली असती. ती पाव न घेताच घरी आली. झुम्राबाईंनी पावाबद्दल विचारलंही नाही.

मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा दुकानाचं शटर केव्हाच खाली आलं होतं आणि नुरियाने लिंझहून आत्याला दोनदा फोनही केला होता. शेवट सगळ्यांनी मिळून बघायचा म्हणून आळी मेन्सूराच्या घरी जमली. गुल्तेनने शिवणयंत्रावर कापड झाकलं. बापाचा हात शेजारणीच्या हातात दिला. बाप म्हणाला, "जा पोरी." ती बंदरावर गेली, बोटीत चढली. एकदा मागे वळली आणि मग नाही वळली. आय्का हमसून हमसून रडत होती.

"सांग बाई," आय्का नाक पुसत म्हणाली, "सांग, कसा वाटला शेवट?"

सगळ्यांनी मेन्सूराकडे बघितलं, फक्त शेफिकाकाकू सोडून. त्या आपल्या कपात बघत होत्या.

आईच्या देखत मेन्सूरा म्हणाली, "जावंच तिने. केव्हाच जायला हवं होतं." आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आता आईचा टोमणा येईल, उसासा येईल, भांडण होईल, आणि व्हावंच ते एकदा, म्हणून ती वाट बघत राहिली.

झुम्राबाई रडत होत्या. खरंखुरं, गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

"हो गं बाई," त्या म्हणाल्या. "बरोबर केलं पोरीने. किती वर्षं कुढत होती त्या घरात, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सुटली बिचारी, सुखात राहो."

त्यात टोमणा नव्हता, नावालाही नव्हता. बायका "आमीन" म्हणाल्या, एकेक करून उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

"चल, मला उठव," झुम्राबाई म्हणाल्या. मेन्सूराने टीव्ही बंद केला, आईच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उभं केलं.