तिसऱ्या बैलाचं आवतण

मी नर्स आहे. माणसाचं पोट आतून कसं दिसतं ते पाहिलेली. भुताखेतांना माझ्या डोक्यात कधीच थारा नव्हता. अंगात आलेल्या बायकांना मी अमोनिया हुंगवून ताळ्यावर आणलंय. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं... मी आपलं जे हाताला लागलं तेच लिहितेय.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि आम्हा पुणेकरांना तो परमुलूखच. दर्यापूरजवळच्या एका खेड्यात धर्मादाय दवाखाना निघाला होता, तिथे बिनपगारी नर्स हवी होती. आई म्हणाली, "त्यापेक्षा विलायतेला जा, येताना घड्याळ तरी आणशील." मी ऐकलं नाही. दोन खोल्या, एक डॉक्टर, एक कंपाउंडर. पावसात काळी माती अशी धरून ठेवायची की पाय वर यायचा आणि चप्पल खालीच राहायची. पण मुलूख मला आवडला. गोवऱ्यांच्या विस्तवातले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि बायकांचं ते तोंडावर बोलणं — "बाई, तुमी लय बारीक, नवऱ्याले दिसान काय?" — सगळंच हळूहळू गोड लागायला लागलं.

दवाखान्याला लागूनच पुंजाजीचं घर. माणूस अबोल, बायको सरूवहिनी बोलकी. माझं दूध तिथूनच यायचं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला याचं फार कौतुक वाटलं. मी करू का, म्हणून विचारलं. सरूवहिनींनी हसून वाटी माझ्या हातात दिली आणि त्या चुलीकडे वळल्या.

गोठ्यात अंधारून आलं होतं. पहिल्याचा खांदा चोळला, दुसऱ्याचा चोळला. तिसरा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. अंग तापलेलं. खांद्यावर हात ठेवला तर माझी बोटं आतच गेली... खोल, उघडी जखम. कडा सरळ, म्हणजे धारदार हत्याराची. त्याने कातडी थरथरवली, पण जागचा हलला नाही. मी त्यालाही आवतण दिलं आणि तणतणत बाहेर आले.

"त्या तिसऱ्याच्या खांद्याला एवढी जखम आणि तुम्ही त्याला तसाच बांधून ठेवलाय? दवाखाना इथे हाकेवर आहे ना, पुंजाजीभाऊ?"

पुंजाजी माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, माह्या घरी दोनच बैल हायेत."

सरूवहिनी कंदील घेऊन आल्या. कोपऱ्यात नुसता खुंटा. माझ्या हाताला तूप-हळद, दुसरं काही नाही.

"त्याले आवतन देल्लं काय तुमी?" वहिनींनी हळूच विचारलं.

"दिलं."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग कळलं. गेल्या साली शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हा पुंजाजीच्या चुलतभावाने, नामदेवने, बैलाच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली. बैल त्याच कोपऱ्यात हंबरत हंबरत मेला. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही.

"आवतन देल्लं तर येईनच तो," पुंजाजी म्हणाला आणि वैरण टाकायला निघून गेला. मी कार्बोलिकने हात धुतले आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. थकवा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली गावचे बैल सजून उभे राहिले. झडत्या सुरू झाल्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारत म्हणायची कवनं. नामदेवने मेलेल्या बैलावरच झडती जोडली. लोक हसले, आणि पुंजाजीच्या भाच्याने पहिली लाठी घातली. मग काय विचारता! एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात कोपरातून उलटा लोंबायला लागला. ज्याने त्याने आपापले बैल बाजूला पळवले. मोकळ्या झालेल्या चिखलातून नामदेव कुऱ्हाड उगारून पुंजाजीवर धावला. पुंजाजी हलला नाही.

नामदेव मध्येच पोटात मुडपला आणि उचलला गेला. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. आपटला, पुन्हा उचलला गेला. त्याच्या आसपास कोणी म्हणजे कोणी नव्हतं...

बाजेवर घालून त्याला दवाखान्यात आणला. डॉक्टर सणाला अमरावतीला गेलेले. पोटात गोल भोक, वरच्या बाजूला फाटत गेलेलं, आतडं बाहेर. शिंगाच्या जखमा मी पाहिल्या होत्या, ही तसलीच होती. कंपाउंडरला गाडी जुंपायला पिटाळून मी ओलं फडकं दाबून धरलं.

"बाई, अजून ढुसण्या देऊन राह्यला तो," नामदेव कण्हला. "हाकला न त्याले."

आणि माझ्या तळव्याखाली, माझ्या डोळ्यांसमोर, त्याच्या बरगडीपाशी दुसरं भोक पडलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

दारात पुंजाजी उभा होता. मागून सरूवहिनी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन धावत आल्या आणि त्याच्या हातात कोंबलं. "आवतन देऊन उपाशी ठेवलं त्याले. मालकानं घातलं का जाईन तो. घाला ना!"

मी — कशावरही विश्वास नसलेली मी — त्याला रक्ताळलेले हात जोडले. "घाला हो, पुंजाजीभाऊ. माणूस जातोय."

"दादा, चुकलो मी," नामदेव म्हणाला.

पुंजाजीने पोळी रिकाम्या अंगणाकडे धरली. पोळी फाटली. त्याच्या बोटांवरून लाळेची तार लोंबली. फडक्यावर पुन्हा दाबलेल्या माझ्या हाताखालचं पोट शांत झालं, रक्त थांबायला लागलं. मला रडूच फुटलं.

ताट अर्धं झालं असेल. पुंजाजीने मान वर करून नामदेवकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताट मागे घेतलं, हवेत कुणाच्या तरी मानेवर थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाला, "घे राजा. बाकीचं आत हाये."

आणि तो दारातून बाजूला सरला.

बाज भिंतीवर आदळली तेव्हा मी कोपऱ्यात फेकली गेले होते. नामदेवचं जे झालं ते लिहवत नाही. पोळ्याच्या गर्दीत बैलाने मारलं, अशी नोंद झाली. ती खोटी आहे असं मी तरी कशाच्या जोरावर म्हणू?

त्या बाजेवर काय घडलं हे मला आजही सांगता येत नाही. बैल मला दिसला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. पुंजाजीचा चेहरा मात्र दिसला. त्यावर राग नव्हता. घरी जेवायला आलेल्याला आग्रह करताना माणसाचा चेहरा असतो, तसा तो होता.