फुंकर मारायची नाही

माझी सून चार वर्षं जेवलेली नाही. लगेच माझ्याकडे तसं बघू नका. सासू उपाशी ठेवते, असं शेजारीण कधीच म्हणून मोकळी झाली. तिच्या आतड्याला पीळ पडला, डॉक्टरांनी सडलेलं कापलं, आणि उरलं ते वीतभर. खाल्लेलं अंगी लागेना. मग छातीतल्या मोठ्या शिरेत बारीक नळी बसवली. संध्याकाळी दुधासारखी पांढरी पिशवी त्या नळीला जोडायची, सकाळी सोडायची. ना दात, ना जीभ, ना पोट. जेवण थेट रक्तात.

सून शिंपीण. पाच महिने दवाखान्यात पडून तिचे डोळे घराकडे आणि मशीनकडे लागले होते. पण नर्सबाईंची अट होती: पिशवी जोडणारं आणखी एक माणूस घरात तयार पाहिजे, नाहीतर सुट्टी नाही. मुलाची कारखान्यात पाळी, तिचा काही नेम नाही. उरले मी, चौथी नापास.

"आजी, इथे अक्षर नाही, हात बघतात," नर्सबाई म्हणाल्या.

हात कोपरापर्यंत घासले. रबराच्या खोट्या छातीवर परीक्षा. टोपण काढलं, नळीचं तोंड स्पिरिटने पुसलं, तर त्यावर कापसाचा एक तंतू! चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क मी खाली ओढलेला. मारली की फुंकर! जन्माची सवय. चूल, चहा, नातवाचं खरचटलेलं ढोपर, सगळ्याला माझं एकच औषध.

"नापास!" नर्सबाई कडाडल्या. "खऱ्या नळीत हे जंतू थेट रक्तात गेले असते. जिवावर बेततं, आजी."

सुट्टी आठवडाभर पुढे गेली. खाटेवर सुनेचा चेहरा एवढासा झाला.

"माझ्या तोंडाला कुलूप घाल गं बाई," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडाला? अख्ख्या गल्लीने जोर लावूनही जमलं नाही." हसली, मग म्हणाली, "आई, सुईत दोरा ओवताना तुम्ही काय करता?"

"श्वास धरते. नाहीतर दोरा हलतो."

"मग हेही ओवणंच आहे."

तिने शिवलेल्या शर्टांना बटणं मीच लावायची, तरी हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मास्क नाकावर, श्वास छातीत, आणि नळी ओवली. पास!

आयुष्यभर ताटं वाढली, पण घासाचं पुढे काय होतं ते कधी दिसलं नाही. आता थेंब पडताना दिसतो. त्याच थेंबांनी तिचे गळलेले केस परत आले, नखं वाढली, मशीनच्या पायट्यावर पाय पडायला लागले. पिशवीतलं नळीत ढकलणारा छोटा पंप ठेवायला तिने स्वतःच पाठपिशवी शिवली. मी बघतच राहते. देवाने केलं म्हणावं की माणसाने, मला ठरवता येत नाही.

आजही जोडताना मी श्वास धरते. जोडून झालं तरी धरूनच असते.

"आई," सून म्हणते, "ओवलं. सोडा आता."